कलकत्त्यात हललेला चेंडू

आमच्या घरमालकांनी अर्धा भारत पाहिला तो कोर्टाच्या कृपेनं. लोक नवस फेडायला जातात, हवापालटाला जातात, लेकीला भेटायला जातात. आमचे मालक तारीख चुकवायला जात. भंडाऱ्याच्या कोर्टात सुनावणीची तारीख पडली, की त्याच्या आधीच हे गृहस्थ पिशवी खांद्याला लावून तुमसर रोड स्टेशनात हजर. जी गाडी आधी येईल तिच्या दिशेला त्यांची श्रद्धा. पुरीचा जगन्नाथ त्यांनी असा पाहिला, काशीचा विश्वनाथ असा पाहिला, आणि रामेश्वरला तर कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली आहे हे विसरून उगीचच जाऊन आले. त्याची त्यांना फार हळहळ. "रामेश्वर फुकट गेलं जी," असं पुढं कितीतरी दिवस म्हणत.

पण प्रतिवादी गावात नाही एवढ्यानं भागत नसे. प्रतिवादीचा साक्षीदार गावात सापडला तर समोरचा वकील म्हणे, निदान त्याची तरी साक्ष घ्या. म्हणून साक्षीदारालाही यात्रेला न्यायचं. तो साक्षीदार मी.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नागपूरचा, नुकताच बी.एड. झालेला, तुमसरजवळच्या एका गावात इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो होतो. या लोकांना आपण जग दाखवायचं, अशा थाटात मी गावात पाऊल टाकलं. पुढं कुणी कुणाला काय दाखवलं, तेच सांगायला बसलोय.

मालक साठीच्या आसपासचे, काटकुळे, धोतर गुडघ्याच्या जरा वरच. चेहऱ्यात आधी नाक यायचं आणि नाकाच्याही पुढं नजर. बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, या टोकाला उभे राहून त्या टोकाचा खेकडा कोणत्या बिळात शिरला ते सांगायचे. घरात नियम फार होते आणि ते सगळे दुसऱ्यांसाठी होते. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. विहिरीवर साबण न्यायचा नाही. एकादशीला घरात कांदा चिरायचा नाही. स्वतः मालक एकादशीला शेजारच्या गावी जाऊन हॉटेलात कांदाभजी खाऊन येत. एकदा मी त्यांना तिथं गाठलं. वाटलं, आता ओशाळतील. त्यांनी शांतपणे बशी माझ्याकडं सरकवली.

"घ्या जी मास्तर. पाहालं कोनं?"

"मी पाहिलं की."

"खा त एक."

मी एक खाल्लं.

"आता तुमचं पाहनं कटलं," मालक म्हणाले.

'पाहालं कोनं' हे त्यांचं धर्मशास्त्र होतं. पाप म्हणजे काय, तर पाहिलेलं पाप. न पाहिलेल्याला ते कामकाज म्हणत.

या कामकाजातलं मुख्य काम मला राहायला गेल्याच्या दुसऱ्या सकाळी दिसलं. मालक खांद्यावर फावडं टाकून निघाले होते. म्हटलं, केवढा कष्टाळू माणूस. दातून चावत मी मागोमाग गेलो. त्यांची बांधी आणि धाकट्या भावाची बांधी यांच्यामध्ये मातीचा बांध होता. आमच्याकडं त्याला धुरा म्हणतात. मालक धुऱ्याची आपल्याकडची बाजू फावड्यानं नखभर कोरत होते, हजामानं गाल तासावा तशी. आणि ती माती पलीकडं, भावाच्या बांधीत, धुऱ्याला चिकटवून थापत होते. झाल्यावर धुरा होता तेवढाच जाड. फक्त नखभर पलीकडं सरकलेला.

मी हबकलो. "हे काय चाललंय?"

"धुऱ्याले सरकाची सवय असते जी. पान्यानं सरकते."

"पाणी तर तिकडून इकडं वाहतं."

"मंग फावड्यानं सरकते," मालक म्हणाले. माझ्यासारख्या भाडेकरूपासून लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलं नाही.

असा तो धुरा वर्षानुवर्षं चालत चालत तलावाच्या पाटापर्यंत पोचला होता. पाटाचं जे तोंड धाकट्याच्या बांधीत उघडायचं, ते आता मालकांच्या हद्दीत आलं होतं. मालकांचं धान पोटभर प्यायल्यावर उरलंसुरलं पाणी धाकट्याला. ऐन गर्भात धान असताना त्याच्या जमिनीला भेगा पडायच्या आणि लोंब्या पोचट निघायच्या. धाकट्यानं दावा लावला तो यासाठी. दोघं भाऊ एकाच आंगणाच्या दोन टोकांना राहत आणि एकमेकांशी अक्षर बोलत नसत. जे काय बोलायचं ते वकिलांमार्फत.

मी साक्ष द्यायची ती अशी, की मी रोज सकाळी त्या बाजूला फिरायला जातो आणि धुरा होता तिथंच आहे. मी हो म्हणून बसलो. मालकीणकाकूंच्या हातची पाटवडी रोज माझ्या ताटात येत होती, हे एक कारण. दुसरं म्हणजे ही साक्ष कधी होणारच नव्हती. न होणाऱ्या साक्षीला नाही कशाला म्हणा?

गावातल्या माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात तारीख पडली आणि हावड्याकडची गाडी आधी आली.

कलकत्त्यात तुमसरच्या तांदळाचा एक आडत्या होता, त्याच्या गोदामावर आम्ही उतरलो. काली मालकांनी पहिल्याच दिवशी पाहून टाकली. दुसऱ्या दिवशी करायचं काय, असा प्रश्न होता. त्या आडत्याला कुणा साहेबानं गोल्फच्या मोठ्या स्पर्धेचे दोन पास दिले होते. देशभरातले पोटासाठी खेळणारे खेळाडू आले होते, काही बाहेरदेशचेही. आडत्याला गोल्फपेक्षा गोणी बऱ्या. त्यानं पास पुढं करून मला विचारलं, "मास्टरजी, गोल्फ समझते हो?"

नागपूरला सायकलवरून जाताना एका कुंपणापलीकडं दोन साहेब काठ्या घेऊन उभे असलेले मी पाहिले होते. त्यांनी काठी उचललेलीसुद्धा मी पाहिली नाही. तेवढ्यात माझी साखळी पडली. एवढा माझा गोल्फशी संबंध. मी म्हणालो, "नागपूर में तो बहुत देखा है."

मालकांनी एकच विचारलं. "फुकट हाय का?"

"फुकट आहे."

"मंग पाहू."

आत शिरलो आणि मालक जागीच थांबले. समोर नजर पोचेल तिथवर हिरवी जमीन. नांगर नाही, बांधी नाही, एक जनावर नाही. लोक तिच्यावर कुजबुजत चालत होते, देवळात चालावं तसे. मालकांनी चहूकडं पाहिलं आणि ते अस्वस्थ झाले.

"याचा धुरा कुठं हाय जी?"

"याला धुरा नसतो."

"मंग भांडत कायच्यावर असतीन?"

पुढं मी त्यांना सांगितलं, की काठीनं चेंडू मारत मारत त्या झेंड्याजवळच्या भोकात घालायचा, आणि जो जिंकेल त्याला पैसे मिळतात, त्यावरच याचं घर चालतं. मालकांनी माझ्याकडं पाहिलं, मग खेळाडूकडं पाहिलं.

"रोजगार हाय हा याचा?"

"हो."

"याच्या बापाले मालूम हाय का?"

एका मोठ्या फळ्यावर नावं आणि आकडे लावलेले होते. यात पुढं कोण, असं मालकांनी विचारलं. आता क्रिकेटमध्ये ज्याच्या धावा जास्त तो वरचढ. परीक्षेत ज्याचे मार्क जास्त तो पहिला. धानाचं म्हणाल तर ज्याच्या पोत्यांची थप्पी उंच तो मोठा. जास्त ते चांगलं, हे सांगायला गोल्फ कशाला यायला हवं? मी बेधडक म्हणालो, "ज्याचे फटके जास्त, तो पुढं."

ज्यांचं खेळून व्हायचं होतं त्यांच्यात सगळ्यात मोठा आकडा एका सावळ्या, हडकुळ्या खेळाडूचा होता. तो आम्ही आमचा माणूस ठरवला आणि त्याच्या मागं निघालो.

सुरुवातीलाच त्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. त्यानं मारला, चेंडू काठावर चढला आणि परत खाली आला. पुन्हा मारला, पुन्हा आला. मालक खूष झाले.

"पाहा जी, जागचा न हालता किती कमावून राहिला."

मीही जाणकारासारखी मान हलवली. "वाळूत अनुभव लागतो."

पण त्यानंतर आमच्या माणसाला काय झालं कोण जाणे. लांबलांबून तो एकाच फटक्यात चेंडू भोकात घालू लागला. दरवेळी मालक चुकचुकायचे आणि दरवेळी आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवायचे.

"हे कायले खूष होऊन राहिले?"

"विरुद्ध पार्टीचे असतील," मी म्हणालो.

"होते, होते," मालक आमच्या माणसाकडं पाहून पुटपुटले. "धीर धर बापा. मागून वाढवशील."

आमच्याबरोबर माकडटोपीतले एक बंगाली बाबूही त्याच खेळाडूच्या मागं चालत होते. धोतरातला म्हातारा एकाच माणसाच्या मागं उन्हातान्हात फिरतोय म्हणताना त्यांना वाटलं, हा त्याचा कुणीतरी नातलग असावा. थोड्या वेळानं त्यांनी आदरानं विचारलं, "आपका लड़का है?"

मालकांनी क्षणभर विचार केला. "गाववाला है," ते म्हणाले. पाहालं कोनं.

बाबूंनी सांगितलं, की हा पोरगा याच मैदानावर साहेबांची काठ्यांची पिशवी वाहायचा, तिथून खेळायला शिकला. काल फार वाईट खेळला, पण आज कमाल करतोय. मी "हाँ, हाँ" म्हटलं आणि काल वाईट, आज कमाल, हे दोन्ही शब्द बाबूंनी उलटे वापरले असणार असं मनात धरलं. आपलं अज्ञान जपायला माणूस किती कष्ट घेतो, ते मला त्या दिवसावरून ठाऊक आहे.

अगदी शेवटच्या झेंड्याकडं जाताना आमच्या माणसाचा चेंडू भरकटला आणि झाडाखाली वाळल्या पानांत जाऊन बसला. आम्ही दोरीच्या मागं, चांगलेच जवळ होतो. तो एकटाच झाडाखाली आला. वाकला. काठी चेंडूच्या मागं टेकवली. सगळीकडं चिडीचूप. मला काही दिसलं नाही. बाबूंना दिसलं नाही. दोरीला लागून उभ्या असलेल्या कुणालाच काही दिसलं नाही. मालकांनी मात्र माझं मनगट करकचून धरलं.

"हालला," ते कानाशी म्हणाले.

"काय?"

"चेंडू. काठी टेकवताना. तांदुळाच्या दान्यायेवढा."

तेवढ्यात तो खेळाडू सरळ झाला. हात वर केला. सोबतच्या खेळाडूला बोलावलं, छातीला बिल्ला लावलेला एक साहेब आला, त्यांचं काहीतरी बोलणं झालं. खेळाडूनं चेंडू बोटांनी उचलून जरासा मागं ठेवला. बाबू टोपी वर सरकवून म्हणाले, "एक ज़्यादा लिख लिया."

मी भाषांतर केलं. "एक फटका वाढवून मिळाला त्याला."

"न मारता?"

"न मारता."

मालकांचा चेहरा जो उजळला. आजवर इतकी दैवतं पाहिली, पण असा उजळलेला मी पाहिला नव्हता. "वा रे पठ्ठ्या," ते म्हणाले, आणि त्या चिडीचूप गर्दीत त्यांनी मांडीवर थाप मारली. "नखभर सरकवला आन एक कमावला. हा आपल्या लायनीचा मानूस हाय जी मास्तर."

बाबू वळले. "आप खुश काहे को होता है? ये तो गया."

"कुठं गेला?" मालक म्हणाले.

मग बाबूंनी सांगितलं. या खेळात ज्याचे फटके कमी तो पुढं. चेंडू आपल्या हातून हलला की एक फटका दंड. आज संध्याकाळी खालचे सगळे खेळाडू गळणार, उरलेले उद्या-परवा खेळणार आणि पैसे त्यांनाच. बाबू सकाळपासून हिशेब करत होते. हा पोरगा काठावर तरला होता. या एका फटक्यानं गेला. आता हात हलवत घरी जाईल.

मालकांनी आधी माझ्याकडं पाहिलं.

"कमी फटकेवाला पुढं?"

"असं दिसतंय."

"आन तुमी पोट्ट्याइले शिकवता."

याहून पुष्कळ काही बोलता आलं असतं, पण त्यांचं माझ्याकडं लक्षच राहिलं नाही. दुसरी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरत होती आणि ती मावत नव्हती.

"मंग हे बिल्लेवाल्यानं पाहालं का?"

"नहीं," बाबू म्हणाले. "उसने खुद बोला."

"खुद?" मालक म्हणाले. त्यांनी दोरी धरली. इतका हादरलेला माणूस मी त्याआधी फक्त एकदा पाहिला होता, तोही वीज पडल्यावर. "याचा वकील कुठं हाय?"

खेळ संपला. लोक पांगले. मालक हलेनात. दोरी धरूनच ते म्हणाले, "त्यानं मले पाहालं असन. मी पाहून राहिलो, हे त्याले दिसलं. म्हनून भेला." आणि ते तडक निघाले. मी मागं धावलो.

तो खेळाडू पिशव्या वाहणाऱ्या पोरांच्या छपरीमागं एका खोक्यावर बसून बूट काढत होता. मालक त्याच्यापुढं उभे राहिले आणि आमच्याकडच्या हिंदीत सुरू झाले.

"भाईसाब, वो गेंद हिला था ना, मेरेकू दिखा था."

"जी."

"पर मैं किसीकू बोलता नहीं था. ये मास्टर को पूछो. मेरे पेट में रहता था. तुम फालतू डर गये."

खेळाडूनं मान वर करून पाहिलं. त्याला काही समजत नव्हतं. "आप वहाँ थे, बाबूजी? मैंने देखा नहीं."

"नहीं देखा?"

"नहीं."

"फिर कौन देखा?"

"किसी ने नहीं."

"फिर बोला कायकू?"

त्यानं हातातला बूट खाली ठेवला. त्याला उत्तर द्यायचं होतं, म्हातारा माणूस एवढ्या कळकळीनं विचारतोय म्हणून. पण प्रश्न कुठं आहे तेच त्याला सापडेना. शेवटी म्हणाला, "हिली थी ना." आणि दुसरा बूट काढायला लागला.

परतीच्या गाडीत मालक रायपूर येईपर्यंत खिडकीबाहेरचे धुरे पाहत बसले. मग एकदम म्हणाले, "खोटं बोलून राहिला तो. पाहालं त्यानं मले."

गावी आल्यावरही हेच. जेवताना, विहिरीवर, धान मळताना. एका सकाळी त्यांनी मला परसात बोलावलं. उंबराच्या झाडाखाली एक लिंबू ठेवलं होतं. माझ्या हातात काठी दिली, मला लिंबावर वाकायला लावलं आणि स्वतः कलकत्त्यात होते तेवढ्या अंतरावर, दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यामागून डोकं काढून उभे राहिले.

"दिसून राहिलो का मी?"

"नाही."

"आणखी वाका. आता?"

"नाही."

"धोतर?"

"लिंबाशिवाय काही दिसत नाही हो."

नेमके त्याच वेळी आमचे हेडमास्तर सायकलवरून चालले होते. कुंपणापाशी ते थांबले. त्यांचा इंग्रजीचा शिक्षक सकाळच्या प्रहरी लिंबापुढं काठी घेऊन वाकलेला आणि लुगड्यामागून आवाज येतोय, "एकदम नाई?" हेडमास्तरांनी पुन्हा पायडल मारलं. त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी, तापातल्या माणसाशी बोलावं तसं जपून बोलत.

लुगड्यामागून मालक बाहेर आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. लिंबू उचलून त्यांनी खिशात टाकलं. "म्हंजे नाईच पाहालं," एवढंच म्हणाले.

पुढची तारीख आली. मी सवयीनं पिशवी भरली. मालक म्हणाले, "ठेवा जी. भंडाऱ्याले जाऊ." मला धक्का बसला, पण खरा धक्का वकिलांना बसला. आम्हाला कोर्टाच्या पायऱ्या चढताना पाहून ते धावत आले. "काहून जी, गाडी चुकली का?" त्यांची काहीच तयारी नव्हती. त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन घाईघाईनं साक्ष घोकून घेतली. मालक बाकावर जाऊन बसले. मला त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली, आणि काय सांगू, बहरलो. इतकी वर्षं साठलेली साक्ष होती ती. सकाळचं धुकं सांगितलं, तलावावरचे बगळे सांगितले, धुऱ्यावरचं गवत सांगितलं. न्यायाधीश ऐकत होते. कारकून लिहायचा थांबून ऐकत होता. समोरच्या बाकावर धाकटा बसला होता, त्याची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती, आणि त्या नजरेत यंदाच्या पोचट लोंब्या दिसत होत्या. पण मी काही थांबलो नाही. विरुद्ध वकिलानं विचारलं, "धुरा हललेला नाही, हे तुम्ही खात्रीनं सांगता?"

मी म्हणालो, "साहेब, अंबागडचा किल्ला हलला असेल, तर हा धुरा हलला."

"हालला जी," मागून आवाज आला.

सगळे वळले. मालक उभे होते.

"कोण बोललं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी, साहेब. धुरा हालला."

"कुणी हलवला?"

"म्या. फावड्यानं. पाटाच्या तोंडापावतर नेला."

आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. विरुद्ध वकील तोंड उघडं टाकून उभे. आणि धाकटा ताडकन उठला.

"नाई साहेब. हे खोटं हाय. दादा खरं बोलूच शकत नाई. यात कायतरी डाव हाय, याचं आयकू नका."

"अहो, ते तुमच्या बाजूनं बोलतायत."

"म्हनूनच म्हनतो."

न्यायाधीशांनी सगळ्यांना बसवलं. सगळे बसले. उभा राहिलो मी एकटा, पिंजऱ्यात, शपथेवर, माझ्या बगळ्यांसकट. न्यायाधीश माझ्याकडं वळले.

"मास्तर, शाळेत काय शिकवता?"

"इंग्रजी, साहेब."

"बरं आहे," ते म्हणाले. "निदान मुलांना तुमचं सगळं समजत तरी नसेल."

मग त्यांनी मला जे काही सुनावलं ते इथं लिहीत नाही. ते मात्र सगळं मराठीत होतं आणि मला समजलं.

एसटीत मी मालकांवर उखडलो. "मला आधी सांगायचं तरी."

"मले तरी कुठं मालूम होतं जी?" मालक म्हणाले. त्यांनाही ते अजून नवलच वाटत होतं. "मी त बसलो होतो. तुमी बोलून राहिले होते. साहेब तुमच्याकडं पाहून राहिले, वकील तुमच्याकडं, लहान्या तुमच्याकडं. माह्याकडं एक मानूस पाहून राहिला नवता. मले एकदम मोकळं मोकळं लागलं." मग म्हणाले, "पन तुमी बोलले बेस. बगळे त मस्तच."

मालक सुधारले, असा कुणी समज करून घेऊ नये. एकादशीची भजी चालूच होती. पत्त्यांत ते पूर्वीसारखेच पानं दाबत. आणि दावा संपल्याचं दुःख तर त्यांना शेवटपर्यंत राहिलं. "द्वारका राहून गेली," असं म्हणत. तारखेशिवाय नुसतं उठून द्वारकेला जायचं, हे त्यांना पटत नसे.

कोर्टानं मोजणीदार पाठवून खुंट्या ठोकून दिल्या. चार मजूर लावले असते तर धुरा जागेवर यायला वेळ लागला नसता. मालकांनी मजूर लावू दिले नाहीत. "जसा नेला तसा आनीन," म्हणाले. रोज सकाळी तेच फावडं, तेच नखभर कोरणं. फक्त आता माती पलीकडून काढून अलीकडं. धाकट्याला याचा भयंकर संशय. तो रोज येऊन पलीकडं उकिडवा बसायचा आणि एकेका फावड्यावर नजर ठेवायचा. मीही दातून चावत उभा असायचो. भावांचं बोलणं अजूनही नव्हतंच.

एका सकाळी मालक थांबले. फावडं मातीत रोवलं, कपाळाचा घाम पुसला आणि माझ्या देखत, मी त्या गावात आल्यापासून पहिल्यांदाच, भावाशी बोलले.

"जा ना बे घरी. तू असा पाहून राहिला, त लोकं म्हनतीन, तुह्या धाकानं आनून राहिलो."

धाकटा काही उठला नाही. तंबाखू मळत होता, तसाच मळत राहिला. मग चिमूट ओठात धरून त्यानं बसल्या बसल्याच तोंड तलावाकडं केलं, आणि आमच्याकडं पाठ करून बसला.